कॉटेज घ्या, पण आधी जिना बघा

उन्हाळी सुट्टीची तिकिटं काढायचे दिवस आले की या सदराच्या टपालात स्कॉटलंड हमखास असतं. यंदा बऱ्याच जणांना हॉटेल नको आहे; समुद्राकाठी आठवड्याच्या बोलीवर घर हवं आहे. मी फाइफमध्ये राहते. एडिंबराच्या समोर फर्थ ऑफ फोर्थची खाडी, आणि तिचा उत्तरेकडचा किनारा म्हणजे फाइफ. शेजारच्या आजींचं पिटनवीमच्या बंदराजवळ भाड्याने द्यायचं एक कॉटेज आहे. त्याची शनिवारची साफसफाई आणि चादरबदल माझ्याकडे असते. पाहुणे काय अपेक्षा घेऊन येतात आणि जाताना काय मागे ठेवून जातात, हे दोन्ही त्यामुळे दिसतं. उत्तरं तिथूनच दिली आहेत.

प्रश्न : मुलगी एडिंबराला शिकते. जूनमध्ये मी, पत्नी आणि माझे आई-वडील तिच्याकडे जाणार आहोत. आई 76 वर्षांची, गुडघे दुखतात. मुलीने पिटनवीमला बंदरासमोरचं एक जुनं कॉटेज शोधलं आहे, फोटो फार सुंदर आहेत. पत्नी म्हणते, ‘तिकडे जाऊनही मीच पोळ्या लाटायच्या का?’ हॉटेल घ्यावं की कॉटेज? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, म्हणून तो आधी. कॉटेज बहुधा ‘सेल्फ केटरिंग’ असतं, म्हणजे चूल तुमची आणि खरकटी भांडीही तुमची. नाश्ता कोणी देत नाही, रोज खोली आवरायला कोणी येत नाही, दूध संपलं तर खाली जाऊन तुम्हीच आणायचं. हे सगळं कोण करणार ते ठाण्यातच ठरवा. उत्तर ‘तीच करेल’ असं असेल तर सरळ नाश्त्यासकट हॉटेल घ्या आणि वहिनींना सुट्टी द्या. तुम्ही आणि मुलगी मिळून एक वेळ तरी सांभाळणार असाल, तर वयस्कर माणसांना घरासारखं सुख हॉटेलात नाही. जूनमध्ये इथे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो. तुमचे बाबा पाचला उठून आपला चहा आपण करून घेतील, खिडकीत बसून होड्या बघतील. हॉटेलात त्यांना नाश्त्याची खोली उघडेपर्यंत पलंगावर बसून राहावं लागेल. पोळ्यांचं म्हणाल तर आठवडाभर विसरा. दुपारी बाहेर सूप-सँडविच, संध्याकाळी घरी भात आणि मसुराची आमटी. कोणी उपाशी राहत नाही.

आता ते कॉटेज. फोटोत बंदर दिसतं, जिना दिसत नाही. या पट्ट्याला ईस्ट न्यूक म्हणतात. ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर, क्रेल अशी गावं ओळीने किनाऱ्याला लागून आहेत. इथली जुनी घरं मच्छीमारांची. तळमजल्यावर जाळी आणि सामान, वर कुटुंब, आणि वर जायला बाहेरूनच दगडी पायऱ्या, ही पूर्वीची रीत. लाल कौलं आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती फोटोत छान येतात. आत मात्र जिना अरुंद, चढ उभा, कठडा कधी एकाच बाजूला, आणि माळ्यावरच्या खोलीत उंच माणसाचं डोकं तुळईला लागतं. कितीतरी घरांत झोपायच्या खोल्या वर आणि बाथरूम खाली असते. तुमच्या आईंना रात्री दोनदा उठावं लागत असेल तर काय होईल, ते मी सांगायला नको.

म्हणून मालकाला फोटो मागू नका, प्रश्न विचारा. खालच्या मजल्यावर एक तरी झोपायची खोली आहे का? बाथरूम कोणत्या मजल्यावर? शॉवर सपाट जमिनीवर आहे की टबात चढून घ्यायचा? टबाची कड गुडघ्याएवढी उंच असते, आणि दुखऱ्या पायाने ओल्या टबातून बाहेर येणं हे जिन्यापेक्षा वाईट. गाडी दाराशी येते की लांब ठेवून चालत यायचं? पिटनवीममध्ये बंदर खाली, दुकानांचा रस्ता वर, आणि दोन्हींना जोडणाऱ्या गल्ल्या चांगल्याच चढाच्या आहेत. बंदरासमोर राहिलात तर पावासाठी रोज तो चढ. मला विचाराल तर समुद्र जरा लांबून दिसला तरी चालेल, पण एकमजली घर बघा. ईलीमध्ये किंवा अँस्ट्रदरच्या वरच्या भागात तशी घरं मिळतात. पाच मिनिटांत गाडीने बंदर गाठता येतं.

तारखांबद्दल : स्कॉटलंडच्या शाळांना जूनच्या अखेरीस सुट्टी लागते ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्याआधीचे, म्हणजे जूनचे पहिले आठवडे घेतलेत तर भाडं कमी आणि गर्दीही कमी. घरं बहुधा शुक्रवार किंवा शनिवारपासून सात रात्रींसाठी देतात. विमानाचं तिकीट त्या हिशेबाने काढा, उलट करू नका.

प्रश्न : सासूबाईंना रोज आमटी-भात लागतो. मैत्रीण म्हणते, तिकडे फोडणी टाकली की आगीचा अलार्म वाजतो, बंब येतो आणि अनामत रक्कम जाते. कितपत खरं? सोबत काय न्यावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अलार्म वाजू शकतो. बंब येत नाही. फेब्रुवारी 2022 पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म, आणि हे सगळे एकमेकांना जोडलेले, असा नियम आहे. एक वाजला की घरभर सगळे वाजतात. पण नीट बघा : स्वयंपाकघरातला अलार्म उष्णतेचा आहे, धुराचा नाही. मोहरी तडतडल्याने तो वाजत नाही. मिरचीचा खाट उघड्या दारातून पॅसेजमध्ये गेला की तिथला वाजतो. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी दार लावा, मग खिडकी उघडा, मग चिमणी सुरू करा, आणि तेल सगळ्यात शेवटी. चिमणीच्या भरवशावर राहू नका. पुष्कळ घरांत ती हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडते. अलार्मला प्लॅस्टिकची टोपी घालणारे आणि त्याची बॅटरी काढून फळीवर ठेवणारे पाहुणे मी पाहिले आहेत. ते करू नका. जुनी घरं आतून लाकडाची असतात.

अनामत रकमेला खरा धोका फोडणीचा नाही, हळदीचा आहे. भाड्याच्या घरांना पांढऱ्या रंगाचं वेड असतं : टॉवेल पांढरे, दुलया पांढऱ्या, ओटा फिकट. एकदा कोणीतरी आमटीचा चमचा ओट्यावर तसाच टेकवून ठेवला होता. वाटीएवढं पिवळं कडं उमटलं. सोडा झाला, लिंबू झालं, दुकानातली सगळी रसायनं झाली, ते हलेना. शेवटी पडदा बाजूला सारून ठेवला आणि ऊन लागून लागून ते फिकं होत गेलं. कपड्यावर हळद पडली तरी तोच उपाय : धुवून उन्हात टाका. पण पाहुण्याला आठवडा असतो, आणि इथलं ऊन तुमच्या सवडीने येत नाही. एक जुना टॉवेल आणि चमचे ठेवायला एक बशी ओट्यावर कायम ठेवा. हात पुसायला मालकाचे टॉवेल घेऊ नका.

शेगडी बहुतेक ठिकाणी सपाट काचेची असते, आणि ती इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. कुकर नेऊच नका. मसूर डाळ वीसेक मिनिटांत उघड्या पातेल्यात शिजते आणि ती इथल्या साध्या सुपरमार्केटात मिळते. तांदूळ, जिरं, मोहरी, हळद, धणेपूड, डब्यातले छोले, नारळाचं दूध हेही मिळतं. न्यायचं ते गोडा मसाला, हिंग, आमसुलं, मेतकूट. सगळं कोरडं आणि बंद पाकिटात. तूप, पेढे, बर्फी मात्र घरीच ठेवा. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. ताज्या मिरच्यांनाही रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते तुमच्याकडे असणार नाही. ओलं खोबरं आणि कढीपत्ता हवाच असेल तर येतानाच एडिंबरातल्या आशियाई किराणा दुकानातून घ्या. ईस्ट न्यूकच्या गावांत ते शोधत फिरू नका.

मासे खाणाऱ्यांसाठी थोडं जास्त. पिटनवीमचं बंदर अजून चालतं आहे, शेवंडं आणि लँगुस्टीन नावाची लांब नांग्यांची कोळंबी उतरते. उन्हाळ्यात मॅकरेल मिळतो. इंग्रजी नाव तेच असलं तरी तो आपला बांगडा नव्हे. आकाराने मोठा, पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी रेघा, आणि चरबी भरपूर. तव्यावर तळलात तर वास घरात तुमच्यापेक्षा जास्त दिवस मुक्काम करील. मीठ, हळद, तिखट, आमसुलाचं पाणी लावून ओव्हनमध्ये भाजा, खाली कागद घाला. चरबी सुटून तो आपल्याच तेलात भाजला जातो. कालवणाला हॅडॉक बरा, पण त्याचे तुकडे लवकर सुटतात. रस्सा उकळला की मासा घालून गॅस, म्हणजे तिथली जी काही शेगडी असेल ती, बंद करा.

विचारलं नाहीत, तरी न्हाणीघराचंही सांगते. बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते. पाणी सांडलं की ते फरशीखाली आणि मग खालच्या खोलीच्या छतातून उतरतं. बादली-तांब्याने अंघोळ करायची तर टबातच. एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका, तो इथे कुठल्याच संडासात नसतो. दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपू नका, छतापासून लोंबणारी दोरी ओढायची. बहुतेक घरांत तशीच आणखी एक दोरी शॉवरच्या विजेची असते. ती ओढली नाही तर गार पाणी येतं, आणि मला सकाळी सातला फोन येतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र. क्रेलला कॉटेज घेऊन तिथून स्काय, इन्व्हरनेस, लॉख नेस असं सगळं एका आठवड्यात रोज जाऊन-येऊन करायचा विचार आहे. जमेल ना? (एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : नाही. स्कायला एका बाजूने साडेपाच-सहा तास लागतात. रात्री फक्त झोपायला यायचं असेल तर समुद्रकाठच्या घराचं भाडं कशाला भरता? स्काय बघायचं तर तिकडेच तीन रात्री राहा. क्रेलला राहायचं तर सेंट अँड्र्यूज, डंडी, एडिंबरा, यापलीकडे गाडी काढू नका. भारताच्या परवान्यावर पर्यटक इथे 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवू शकतो आणि रस्ता आपल्यासारखा डावीकडूनच, त्यामुळे तेवढं सोपं आहे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर सांगा, भाडंही जास्त पडतं. गाडी नको असेल तर एडिंबराहून लेव्हनपर्यंत रेल्वे आहे. तो फाटा 1969 ला बंद पडला होता, 2024 च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. पुढे बस.

प्रश्न : मुलं 8 आणि 11 वर्षांची. समुद्र म्हटल्यावर दिवसभर पाण्यात खेळायचं, असं त्यांनी धरलं आहे. नातेवाईक घाबरवतात की तिथे नुसता पाऊस आणि थंडी. सात दिवस मुलांना रमवायचं कसं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पाऊस सोसता येतो. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल ते हारबद्दल. ‘हार’ म्हणजे उत्तर समुद्रावरून आत येणारं धुकं. वसंतात आणि उन्हाळ्यात गरम हवा थंड पाण्यावरून सरकते, तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि पूर्वेचा वारा ते सगळं किनाऱ्यावर आणून लोटतो. सकाळी निळं आकाश बघून तुम्ही मुलांना चड्डी-बनियनवर बाहेर काढता, आणि तासाभरात समोरची धक्क्याची भिंत दिसेनाशी होते. गावातले लोक यावर वैतागत नाहीत, गाडीत बसून पाच-दहा किलोमीटर आत जातात. तिथे बहुधा लख्ख ऊन असतं. तुम्हीही तेच करा. जूनमध्ये दिवसा 15-16 अंश धरा, कपडे थरांचे न्या आणि प्रत्येकाला वारा अडवणारं जाकीट हवंच. छत्री नको, इथला वारा ती उलटी करून देतो.

पाणी ऑगस्टमध्येसुद्धा 14 अंशांच्या आसपास असतं. नागपूरच्या मुलांना ते पहिल्या पावलाला विजेसारखं लागेल. तरी पोहायचंच असेल तर पिटनवीमचा किंवा अँस्ट्रदरला लागून असलेल्या सेलरडाइकचा भरतीचा तलाव बघा. खडकांत भिंत घालून केलेले हे हौद भरतीच्या पाण्याने भरतात आणि ओहोटीला पाणी धरून ठेवतात. मुलांना लाटा आणि ओढ नाही. वेटसूट भाड्याने मिळाला तर घ्या. बाकी पाण्याबाहेरच इतकं आहे की पाण्याची आठवण राहणार नाही. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे आणि समुद्रफुलं सापडतात. ईलीला रूबी बे नावाची छोटी चौपाटी आहे. तिथल्या वाळूत गार्नेटचे लाल कण मिळतात, लोक त्यांना ईलीची माणकं म्हणतात. मोहरीच्या दाण्याएवढे असतात. ओल्या वाळूवर पोटावर झोपून, सूर्य समोर ठेवून बघितलं तर चमकतात. अकरा वर्षांचं पोर यात दोन तास घालवतं, आई-बाप तेवढ्यात थर्मासमधला चहा संपवतात. ईलीच्याच पुढे कड्याला साखळ्या धरून चालायची एक वाट आहे, चेन वॉक. फोटो पाहून मुलं हट्ट करतील, पण नेऊ नका. भरतीत अडकलेल्यांना तिथून होडीने काढावं लागतं. एकूणच या किनाऱ्यावर घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघायची सवय लावा. ते बहुतेक कॉटेजांत फ्रिजला चिकटवलेलं असतं.

एक दिवस आइल ऑफ मेसाठी राखा. अँस्ट्रदरच्या बंदरातून होडी जाते, बेट किनाऱ्यापासून सुमारे 8 किलोमीटरवर. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत तिथे हजारो पफिन पक्षी बिळांत मुक्कामाला असतात. हात लावता येईल इतक्या जवळून एखादा चोचीत चंदेरी मासळीची मिशी धरून चालत जातो. हात लावायचा नाही, आणि वाट सोडायची नाही. बाजूच्या जमिनीखाली बिळं आहेत, पाय आत जातो. जूनमध्ये धक्क्यावर उतरताच आर्क्टिक टर्न पक्षी डोक्यावर चोची मारतात, कारण त्यांची पिल्लं तिथेच असतात. मुलांना टोपी घाला. स्कॉटलंडचं पहिलं दीपगृह याच बेटावर 1636 मध्ये उभं राहिलं, दगडी मनोऱ्यावर कोळसा जाळून. आजचं दीपगृह रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी 1816 मध्ये बांधलेलं. बेटावर दुकान नाही, डबा न्या. होडीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते आणि वारा असेल तर फेरी रद्द होते. म्हणून हे आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा बघता येतं.

पावसाच्या दिवसाला अँस्ट्रदरचं स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे, 1969 पासूनचं. होड्या मुलांना आवडतील. तुम्ही हेरिंगवाल्या मुलींची दालनं बघा. हेरिंगच्या हंगामात या बाया माशांच्या मागोमाग बंदरामागून बंदर करत किनाऱ्याने खाली जायच्या. सुरीने आणि मिठाने बोटं कापू नयेत म्हणून बोटाबोटाला चिंध्या गुंडाळून, उभ्याने मासे साफ करून पिंपात भरायच्या. कोकणातली, मुंबईतली कोणीही बाई ते चित्र परकं म्हणणार नाही. बाहेर आलात की फिश अँड चिप्स, आणि सूचना एकच : बसून, पाठ भिंतीला लावून खा. सीगल मागून येतो आणि हातातला मासा नेतो.

प्रश्न : जाहिरात खरी की खोटी, कसं ओळखायचं? मालक पूर्ण पैसे आगाऊ बँकेत भरा म्हणतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्कॉटलंडमध्ये अल्पकाळासाठी घर भाड्याने द्यायला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. नवीन मालकांना हा नियम ऑक्टोबर 2022 पासून, जुन्यांना वर्षभराने अर्ज करायची सक्ती झाली. कौन्सिलच्या यादीत तो क्रमांक आणि पत्ता जुळतो का ते बघा. क्रमांकच नसेल तर पुढे बोलू नका. थोडी रक्कम आधी आणि बाकी काही आठवडे अगोदर, ही इथली सर्वसाधारण पद्धत आहे. अनोळखी खात्यावर एकदम सगळे पैसे पाठवू नका, कार्डाने भरा.

प्रश्न : निघताना टीप ठेवायची का? घर किती साफ करून द्यायचं? उरलेल्या सामानाचं काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : टीपेची सक्ती नाही, कोणी ठेवली तर कोणी नाकारतही नाही. घासूनपुसून द्यायची गरज नाही, तो माझा धंदा आहे. भांडी धुवा, वापरलेले टॉवेल टबात टाका, पलंग आवरू नका, कारण मला ते पुन्हा विसकटावे लागतात. कचरा वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत जातो. कशात काय ते कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचा. खरकटं पुठ्ठ्याच्या डब्यात गेलं की शनिवारी मी ते हाताने काढते. आणि घर सोडायची वेळ सकाळी दहा म्हणजे दहा. पुढचे पाहुणे चारला दारात उभे असतात. मधल्या वेळात तीन पलंग, दोन न्हाणीघरं आणि एक ओव्हन मला उरकायचा असतो. साखर, मीठ, न उघडलेली पाकिटं ठेवून गेलात तर चालतं, बरेच जण ठेवतात. हिंगाची डबी मात्र घेऊन जा.